घर गार, तरी पापड सादळलेला

ह्यूस्टनला राहायला आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यातली गोष्ट. थर्मोस्टॅट २४ अंशांवर, घर गारेगार, आणि तरी डब्याबाहेर राहिलेला पापड सादळलेला. ऑक्टोबरमध्ये तर कपाटातल्या चामडी पट्ट्यावर बुरशी आली. कोकणातला जुलै आठवावा असं दृश्य, आणि तेही एसी चालू असलेल्या घरात! फ्लोरिडा, टेक्सास किंवा आखाताच्या किनाऱ्यावर राहत असाल तर तुम्हालाही हा अनुभव असेल.

याचं कारण समजून घ्यायचं तर एक गोष्ट आधी लक्षात घेऊ. एसी दोन कामं करतो: हवेचं तापमान खाली आणतो आणि हवेतलं बाष्प काढून टाकतो. थर्मोस्टॅटला मात्र पहिलंच काम दिसतं. खोली २४ अंशांवर आली की तो एसी बंद करतो, बाष्प कितीही असो.

हे बाष्प येतं कुठून? स्वयंपाक, आंघोळ, कपडे, श्वास यांतून येतंच. पण दमट हवामानात मोठा वाटा बाहेरून येणाऱ्या हवेचा असतो. आजकालची घरं हवाबंद असतात, त्यामुळे ताजी हवा मुद्दाम आत घ्यावी लागते. किती, ते 'अ‍ॅश्रे' या संस्थेचं ६२.२ हे मानक सांगतं. २०१३च्या आवृत्तीतलं सूत्र वापरलं, तर २००० चौरस फूट आणि तीन बेडरूमच्या घराला मिनिटाला ९० घनफूट हवा लागते (फटींतून आपोआप येणाऱ्या हवेची सूट न धरता).

आता थोडं गणित करू. बाहेर ३० अंश तापमान आणि ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आहे. अशा हवेत किलोमागे सुमारे १९ ग्रॅम बाष्प असतं. घरात २४ अंश आणि ५० टक्के हवेत असतात, म्हणजे किलोमागे सुमारे ९ ग्रॅम. हा फरक आत येणाऱ्या हवेशी गुणला, की दिवसाला जवळजवळ ४० लिटर पाणी होतं. दोन मोठ्या बादल्या पाणी रोज, अदृश्य रूपात, घरात येतंय!

ही हवा नुसती थंड करायला सुमारे ३०० वॉट पुरतात. पण तिच्यातलं जादा बाष्प पाण्यात बदलायचं तर त्याचा अप्रकट उष्मा काढावा लागतो, आणि तो भरतो सुमारे ११५० वॉट. म्हणजे ताज्या हवेचा खरा भार तापमानाचा नाही, ओलाव्याचा आहे.

मग भर उन्हाळ्यात त्रास कमी आणि ऑक्टोबरमध्ये जास्त का? इथे इमारतीचं ऊर्जा सिम्युलेशन कामी येतं. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा 'एनर्जीप्लस' हा मोफत प्रोग्राम घराच्या प्रत्येक भागासाठी उष्णतेचा आणि बाष्पाचा जमाखर्च मांडतो. त्याला त्या गावच्या वर्षभरातल्या ८७६० तासांचं हवामान दिलेलं असतं, आणि तो काही मिनिटांच्या टप्प्यांनी पुढे सरकतो.

नुसता सर्वांत कडक उन्हाचा दिवस तपासला तर सगळं ठीक दिसतं, कारण त्या दिवशी एसी सतत चालतो आणि पाणीही काढतो. अडचण येते ती ढगाळ दिवशी आणि रात्री. बाहेर २५ अंश, पण बाष्प तेवढंच. थंड करण्याचं काम जवळपास शून्य, म्हणून एसी बंद. ताज्या हवेचा पंखा मात्र तासाला दीड लिटरहून जास्त पाणी आत आणतोय. घराचं इन्सुलेशन जितकं चांगलं, तितका एसी कमी चालतो आणि ही अडचण वाढते. गरजेपेक्षा मोठा एसी बसवला तर आणखीच, कारण तो पाच-दहा मिनिटांत खोली गार करून थांबतो.

अजून एक बारकावा. एसी थांबतो तेव्हा त्याची कॉइल ओली असते. पंखा चालूच राहिला, तर ते पाणी पुन्हा वाफ होऊन घरात परततं. सिम्युलेशन करणाऱ्याने हा परिणाम धरला नाही, तर कागदावर घर कोरडं आणि प्रत्यक्षात ओलं.

उपाय तपासतानाही दोन्ही हिशोब बघावे लागतात. बाहेर जाणाऱ्या हवेशी बाष्पाची देवाणघेवाण करणारा ईआरव्ही निम्मं बाष्प अडवू शकला, तर ४० लिटरचे २० होतात. पण उरलेले २० आहेतच. वेगळा डीह्युमिडिफायर ते काढतो, मात्र स्वतःची उष्णता खोलीत सोडतो, आणि ती एसीला उपसावी लागते. ताजी हवा बंदच करणं हा उपाय नव्हे. मग घरातलाच धूर, वास आणि कार्बन डायऑक्साइड साठतो.

तुम्ही आज काय करू शकता? थर्मोस्टॅटवर पंखा 'ऑन'ऐवजी 'ऑटो'वर ठेवा. एक साधा आर्द्रतामापक आणा. आकडा दिवसेंदिवस ६० टक्क्यांच्या वर राहिला तर बुरशीला आमंत्रण आहे असं समजा. 'रात्री हवा छान आहे' म्हणून खिडकी उघडण्याआधी बाहेरचा दवबिंदू पाहा. तो १३ अंशांच्या वर असेल, तर त्या हवेत २४ अंश आणि ५० टक्क्यांच्या घरापेक्षा जास्त पाणी आहे. आणि नवा एसी घेताना 'अर्धा टन जास्त असू दे' असं म्हणू नका. आमची चूक नेमकी तीच होती.