सेवा चालू ठेवणारी स्क्रिप्ट

समजा, दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारासाठी नोंदणीचा एक प्रोग्राम लिनक्स संगणकावर चालवायचा आहे. मध्यरात्री तो बंद पडला किंवा वीज जाऊन आली, तरी आपोआप पुन्हा सुरू झाला पाहिजे. त्यासाठी देखरेखीची स्क्रिप्ट लागते, आणि तिच्यात दोन गोष्टी फार वेळा चुकतात.

पहिली पीआयडीची. प्रत्येक चालू प्रोसेसला कर्नल एक क्रमांक देतो, तोच तिचा पीआयडी. जुन्या पद्धतीत स्क्रिप्ट तो फाइलमध्ये लिहून ठेवते आणि सेवा थांबवताना तिथून वाचून 'किल' पाठवते. पण क्रमांकांना मर्यादा असते. लिनक्सवर ती बरीच वर्षे 32768 होती. तिथवर पोचले की मोजणी पुन्हा खालून सुरू होते, आणि मेलेल्या प्रोसेसचा क्रमांक दुसरीला मिळतो. मग 'किल' भलत्याच प्रोसेसला लागते. बाजारात खुंटीचा नंबर चिठ्ठीवर लिहून घ्यावा आणि परत येईपर्यंत तिथे दुसऱ्याचाच घोडा बांधलेला असावा, तसे हे.

हा धोका एकाच प्रोसेसला नसतो: जिने सेवेला जन्म दिला त्या पालक प्रोसेसला. मूल मेले की कर्नल पालकाला कळवतो, आणि पालकाने 'वेट' करून दखल घेईपर्यंत तो क्रमांक कोणालाही देत नाही. डॅनियल बर्नस्टाइन यांचे डीमनटूल्स आणि नंतरचे रनिट ही देखरेखीची साधने याच भरवशावर उभी आहेत. म्हणून सेवा बॅकग्राउंडला पाठवू नका, आणि ती सुरू करणाऱ्या स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत प्रोग्रामच्या नावाआधी 'एक्झेक' लिहा. मग स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलच्या जागी, त्याच पीआयडीवर, प्रोग्राम येतो. नाहीतर देखरेख शेलवरच राहते. शेल मेला की प्रोग्राम अनाथ होऊन पोर्ट अडवून बसतो, आणि नवी प्रत सुरू होत नाही.

दुसरी गोष्ट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची. तीही पालकाकडूनच येतात. टर्मिनलवरून हाताने चालवलेल्या प्रोग्रामला तुमच्या लॉगिनचे 'पाथ', 'होम', 'लँग' मिळतात. संगणक सुरू होताना चाललेल्याला त्यातले थोडेच. मग दुपारी नीट चाललेली नोंदणी रात्री कमांड सापडत नाही म्हणून थांबते, किंवा मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे छापते. लागतील ती व्हेरिएबल स्क्रिप्टनेच द्यावीत. डीमनटूल्समधले 'एन्व्हडिर' मला यासाठी फार आवडते: दर व्हेरिएबलला एक फाइल, फाइलचे नाव तेच त्याचे नाव, पहिली ओळ ही किंमत. पासवर्डची फाइल इतरांना वाचता येणार नाही अशी ठेवता येते. सिस्टिमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीत यासाठी 'एन्व्हायर्नमेंटफाइल' आहे.

किंमत नंतर बदलली, तरी चालू प्रोसेसकडे जुनीच प्रत राहते. सेवा रीस्टार्ट करा आणि 'प्रॉक'मधल्या तिच्या पीआयडीच्या फोल्डरात 'एन्व्हायरन' ही फाइल वाचा. सुरू होताना सेवेच्या हाती काय पडले ते तिथे दिसते.