घरी आणलेला पोपट : कायदा आणि काळजी

पिंजऱ्यातील राघू आपल्याकडे कौतुकाचा विषय असला, तरी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये देशी पोपट पकडणे, विकणे वा पाळणे गुन्हा आहे. असा पक्षी आढळल्यास वन विभागास कळवावे. हौस असणाऱ्याने मूळचा ऑस्ट्रेलियातील, परंतु पिंजऱ्यातच पैदास झालेला बजरीगर निवडावा.

नव्या घरी पक्षी प्रारंभी भेदरलेला असतो. पहिले काही दिवस त्यास हाताळू नये. जवळ बसून हळू आवाजात बोलावे. पिंजरा उजेडात, भिंतीलगत ठेवावा. स्वयंपाकघरात कदापि नको, कारण अतितप्त नॉनस्टिक भांड्यातून निघणारा वायू पक्ष्यांना प्राणघातक ठरतो. नुसते राळे-बाजरी हा पुरेसा आहार नव्हे. सवयीच्या दाण्यांसोबत पालक, कोथिंबीर, किसलेले गाजर हळूहळू सुरू करावे.

दुबळेपणा दिसला की शिकारी झडप घालतो. म्हणून आजार लपविणे हा पक्ष्यांचा स्वभावच. पिसे फुगवून बसणे, खाणे सोडणे वा विष्ठेत बदल दिसताच पशुवैद्यकास दाखवावे. ३० ते ४० ग्रॅम वजनाच्या जीवाला एका दिवसाची दिरंगाईही भोवते.

शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती गावोगाव पोहोचविल्यास ढोलीतून पिल्ले काढण्याच्या प्रकारांना आळा बसू शकेल.