सूर खाली उतरल्यावर

२००२मध्ये गायिका-गीतकार जोनी मिचेलने संगीत-व्यवसायाला कडवट रामराम ठोकला, तेव्हा तिच्या नव्या गाण्यांचा शेवटचा अल्बम चार वर्षं जुना झाला होता. पुढे काही येईल अशी आशा फारशी कुणी धरली नव्हती. मग सप्टेंबर २००७मध्ये, वयाच्या ६३व्या वर्षी, तिने 'शाइन' हा अल्बम आणला.

त्यामागे ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरचं तिचं घर आहे. तिथे सुचलेली 'वन वीक लास्ट समर' ही पहिलीच रचना शब्दांविना आहे. जिचं नाव शब्दांसाठी घेतलं जातं, तिनं तोंडच न उघडता सुरुवात करावी! अल्बममधलं सर्वांत धीट पाऊल मला हेच वाटतं. त्या रचनेला ग्रॅमीही मिळालं.

पुढे मात्र राग आहे. 'धिस प्लेस'मध्ये डोंगर फोडून विकले जाणार म्हणून ती चिडते. हवाईतल्या हॉटेलच्या खिडकीतून दिसलेल्या पार्किंगवरून सुचलेलं १९७०चं 'बिग यलो टॅक्सी' ती इथे पुन्हा गाते. सदतीस वर्षांत ते शिळं झालं नाही, याचं श्रेय तिच्यापेक्षा आपल्या करणीलाच जास्त. शेवटी येते किपलिंगची 'इफ' ही कविता. मुंबईत जन्मलेल्या या कवीच्या ओळींचा शेवट तिने बदलला आणि धाव घेण्याच्या जागी विस्मय आणला. हा बदल मला पटतो. इतरत्र ती उपदेश करू लागते आणि गाणं मागे पडतं.

वार्धक्याबद्दल ती खरं बोलली ते 'शाइन'च्या आधीच, २०००मध्ये. विशीत लिहिलेलं 'बोथ साइड्स नाउ' तिने छप्पन्नाव्या वर्षी वाद्यवृंदासह पुन्हा गायलं. आवाज खाली उतरलेला, जाडसर झालेला. शब्द तेच, पण आता ते अनुभवाचे वाटतात.

२०१५मध्ये तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. चालणं पुन्हा शिकावं लागलं, गिटारही. बोटं कुठे ठेवायची हे ती स्वतःचेच जुने व्हिडिओ बघून शिकली. २०२२मध्ये न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवाच्या मंचावर ती परतली आणि २०२४च्या ग्रॅमी सोहळ्यात, ऐंशीव्या वर्षी, बसून 'बोथ साइड्स नाउ' गायली.

'शाइन'नंतर तिच्या नव्या गाण्यांचा अल्बम आलेला नाही. तरी तिची ओळख 'शाइन'पासून करून घेऊ नका. आधी 'बोथ साइड्स नाउ'ची १९६९ आणि २०००ची ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐका, मग 'शाइन' लावा.