बोल्ट जाम झालाय? पान्याला पाईप लावण्याआधी हे वाचा



गेल्या आठवड्यात आपल्या एका सभासदाच्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरची पॅकिंग गेली. बदलायला घेतली, तर मॅनिफोल्डचा बोल्ट गंजून बसलेला. पान्याला पाईप लावून जोर दिला आणि बोल्टचं डोकं हातात आलं. मॅनिफोल्ड काढून लेथवर न्यावं लागलं. ऐन वापशात दोन दिवस ट्रॅक्टर उभा. म्हणून आजचा मेसेज ट्रॅक्टर, पिकअप आणि डिझेल इंजिनच्या बोल्टबद्दल.

*बोल्ट जाम का होतो?*
आट्यांत पाणी आणि माती जाऊन गंज धरतो. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे आटे आतून आवळले जातात. सायलेन्सरजवळ रोज तापणं-थंड होणं चालू असतं, तिथे बोल्ट जास्त धरतो. अशा वेळी नुसता जोर लावला तर आटे सुटत नाहीत, बोल्ट पिळून तुटतो.

*या क्रमाने करा*

१) *साफ करा.* वायर ब्रशने डोकं आणि दिसणारे आटे घासून घ्या. डोक्यावर माती असली की पाना अर्धाच बसतो आणि कोपरे खातो.

२) *तेल मुरू द्या.* इंजिन थंड असतानाच गंज सोडवणारा स्प्रे मारा. गरम सायलेन्सरवर मारू नका, पेट घेतो. स्प्रे नसेल तर डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून सोडा. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा, असं तीन-चार वेळा. जुना गंज असेल तर संध्याकाळी सोडा, सकाळी हात लावा.

३) *ठोका.* हातोडीने डोक्यावर सरळ, मध्यम ठोके द्या. गंजाला चिरा पडतात, तेल आत जातं.

४) *पाना बरोबर घ्या.* फिक्स पाना दोनच बाजू धरतो. बारा कोपऱ्यांचा रिंग पाना फक्त कोपरे धरतो. जाम बोल्टला सहा कोपऱ्यांची गोटीच लावा. जुन्या ट्रॅक्टरला बरेच बोल्ट इंचातले असतात. ९/१६ इंच म्हणजे सुमारे १४.३ मिमी. त्यावर १४ चा पाना बसत नाही आणि १५ चा ढिला बसतो. बोल्ट गोल होतो तो इथेच.

५) *आधी किंचित आवळा, मग सोडा.* हलला की एकदम काढू नका. पाव फेरा बाहेर, थोडा आत, तेल, परत बाहेर. १३ च्या पान्याचे किंवा त्याहून लहान बोल्ट असतील तर पाईप लावूच नका.

६) *तरीही नाही सुटला तर उष्णता.* आधी तेल पुसून घ्या. शक्यतो बोल्ट नाही, त्याच्या भोवतीचा भाग किंवा नट तापवा, म्हणजे तो फुगून पकड सोडतो. डिझेल पाईप, टाकी, ऑइल सील, वायरिंग आणि ऑइल चेंबरच्या नटाजवळ ज्योत नेऊ नका.

*बोल्ट गोल झालाच तर*
➡️ एक नंबर लहान गोटी हातोडीने ठोकून बसवा. १३ चा बोल्ट असेल तर १२ ची.
➡️ कानशीने समोरासमोर दोन बाजू सपाट करून लॉकिंग पक्कड घट्ट धरा. साधी पक्कड उरलेले कोपरेही घालवते.
➡️ डोक्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करून घ्या. नवं डोकंही मिळतं आणि उष्णताही बसते. वेल्डिंगआधी बॅटरीची केबल काढा. नवीन गाडीत कंट्रोल युनिट असेल तर मेकॅनिकला विचारूनच करा.

*इथे थांबा, मेकॅनिकला बोलवा*
⛔ पाना फिरतोय पण मऊ लागतोय, बोल्ट बाहेर येत नाही. म्हणजे तो पिळतोय.
⛔ बोल्ट आत तुटला. घरी ड्रिल मारू नका. भोक तिरकं गेलं तर आटेही जातात. त्यात काढणी अडकून मोडली तर ती खूप कडक असते, मग खर्च वाढतो.
⛔ हेडचे बोल्ट. ते ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या मापानेच सोडायचे-आवळायचे असतात.

*परत बसवताना*
काढलेला गोल बोल्ट पुन्हा लावू नका. नवा घेताना जुना सोबत न्या, लांबी, आटे आणि डोक्यावरचा आकडा (उदा. ८.८) जुळवा. पहिले तीन-चार आटे हातानेच फिरवा. सायलेन्सरच्या बोल्टला साधं ग्रीस जळून जातं, तांब्याची अँटीसीझ पेस्ट लावा. चाकाच्या नटांना मात्र तेल-ग्रीस लावू नका.

*जीव आधी:* ठोकताना, तापवताना चष्मा घाला. पाना ढकलू नका, आपल्याकडे ओढा. सटकला तर बोटं लोखंडावर आपटत नाहीत. फक्त जॅकवर उभ्या ट्रॅक्टरखाली जाऊ नका.

बोल्ट सुटायला एक रात्र लागली तरी चालेल. तुटला तर वापसा थांबत नाही. हा मेसेज तुमच्या ट्रॅक्टर ड्रायव्हरलाही पाठवा. अडलं तर बोल्टचा फोटो काढून कंपनीच्या नंबरवर टाका, आधी विचारा, मग जोर लावा.