रोटाव्हायरसची भारतीय लस : निरीक्षणापासून पुराव्यापर्यंत

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९८५-८६ मध्ये डॉ. महाराज किशन भान व त्यांच्या सहकाऱ्यांना नवजात अर्भकांच्या विष्ठेत रोटाव्हायरस आढळला. एरवी हा विषाणू बालकांना तीव्र अतिसार जडवतो. ही अर्भके मात्र ठणठणीत होती. पुढे त्यांची पाहणी केली असता रोटाव्हायरसचा अतिसार त्यांना इतर मुलांपेक्षा कमी होतो, असे दिसून आले. '११६-ई' नावाचा हा मानवी विषाणू असून त्याचे एक जनुक गोवंशीय रोटाव्हायरसमधून आले होते. विषाणू दुबळा करण्याचे काम निसर्गानेच बरेचसे उरकले होते.

तथापि निरीक्षण म्हणजे पुरावा नव्हे. त्या मुलांचे रक्षण विषाणूनेच केले, की घरातील स्वच्छतेने वा स्तनपानाने, हे केवळ पाहणीतून ठरत नाही. हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीने तयार केलेल्या लसीने अर्भकांच्या रक्तात प्रतिपिंडे वाढतात, हे प्राथमिक चाचण्यांत दिसले होते. पण प्रतिपिंडे वाढली म्हणजे आजार टळलाच, असेही नाही.

म्हणून २०११ मध्ये तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. दिल्ली, पुणे व वेल्लोर येथील ६,७९९ अर्भकांपैकी ४,५३२ जणांना लस व २,२६७ जणांना प्लासिबो, म्हणजे लसीसारखेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य, देण्यात आले. कोणाला काय मिळाले हे पालकांना ठाऊक नव्हते, डॉक्टरांनाही नव्हते. अतिसार झालेल्या बालकाच्या विष्ठेत विषाणू आहे का, हे एलायझा चाचणीने तपासले जाई आणि आजाराची तीव्रता ठरीव गुणांकाने मोजली जाई.

लस घेतलेल्या गटात रोटाव्हायरसच्या तीव्र अतिसाराच्या ७१ घटना घडल्या, प्लासिबो गटात ७६. वरवर पाहता फरक नगण्य वाटतो. परंतु पहिला गट दुसऱ्याच्या दुप्पट होता. दर हजार बालक-वर्षांमागे हिशेब केला, तर एका बाजूला सुमारे १५ व दुसऱ्या बाजूला सुमारे ३२ घटना येतात. म्हणजे निम्म्याहून अधिक, नेमके ५३.६ टक्के, तीव्र आजार टळले. युरोपात अन्य रोटाव्हायरस लसींनी याहून बरेच अधिक यश दाखवले आहे. पण आशिया व आफ्रिकेतील गरीब देशांत त्यांचेही यश निम्म्याच्या आसपासच राहिले. आतड्यातील इतर संसर्ग आणि कुपोषण ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात.

खाजगी बाजारात परदेशी लसी उपलब्ध असताना काही बालकांना प्लासिबो देणे योग्य होते काय, हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. त्या लसी सरकारी कार्यक्रमात नव्हत्या व बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर होत्या. चाचणीतील प्रत्येक बालकावर लक्ष ठेवून उपचारही केले जात होते. प्रस्तुत लेखकास हे समर्थन पुरेसे वाटते, कारण खात्रीच्या आकड्यांविना ही लस सार्वत्रिक लसीकरणात आणणे अधिक अन्यायाचे ठरले असते.

जानेवारी २०१४ मध्ये लसीला परवाना मिळाला आणि मार्च २०१६ मध्ये हरियाणा, हिमाचल प्रदेश, ओडिशा व आंध्र प्रदेशात ती सरकारी लसीकरणात आली. एक प्रश्न मात्र चाचणीच्या आवाक्याबाहेर होता. अमेरिकेत १९९९ मध्ये एक रोटाव्हायरस लस मागे घ्यावी लागली होती, कारण तिच्यामुळे क्वचित आतडे आतड्यात शिरून अडत असे. इतका विरळ दुष्परिणाम सात हजार अर्भकांत दिसेलच, याची खात्री नसते. त्यामुळे लसीकरण सुरू झाल्यानंतर रुग्णालयांतून अशा रुग्णांची नोंद ठेवण्यात आली. या लसीमुळे तो धोका वाढल्याचे त्या नोंदींत आढळले नाही.