बेअरिंग फेकू नका, आधी वाचा

बोनेटच्या आत : भाग ९

क्रँक ग्राइंडिंग करून आला, घासलेल्या क्रँकच्या मापाची, म्हणजे ‘वीस साइज’ची, नवी बेअरिंग पडली, इंजिन बांधून झालं. इथवर गेल्या आठवड्यात आलो होतो. पण दोन-तीन हजार किलोमीटरमध्येच इंजिन तापलं की आयडलला ऑइल प्रेशर बसू लागतं आणि ॲक्सिलरेटर दिला की खालून ठक-ठक ऐकू येते. पद्मिनीसारख्या जुन्या गाडीत मिस्त्री चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर काढून बघतो. जिची काढल्यावर ठोका मंदावतो, त्या सिलिंडरच्या बिग एंडवर, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकावर, संशय.

चेंबर उतरतो, झिजलेली बेअरिंग निघतात, ‘माल डुप्लिकेट होता’ असा निकाल लागतो आणि शेल, म्हणजे बेअरिंगचे अर्धगोल तुकडे, भंगारात जातात. नकली माल बाजारात आहेच. तरी बहुतेक वेळा बेअरिंग निर्दोष असतं, मार खाणारं असतं.

मुळात धावत्या इंजिनात क्रँक बेअरिंगला टेकतच नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हा अभियंता रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडण्यासाठी त्याने वरून भोक पाडलं, तर आस फिरू लागताच त्यातून तेल उलट वर यायला लागलं. त्याने बूच ठोकलं, मग लाकडी खुंटी ठोकली. दोन्ही बाहेर ढकलली गेली. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून त्याची दाबाखालची पाचर तयार करतो, हे त्यातून कळलं. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. पावसात वेगातल्या गाडीचं टायर पाण्यावर तरंगतं, तसाच हा प्रकार.

५० मिलिमीटरच्या जर्नलला (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) फट ठेवतात साधारण ०.०५ मिलिमीटर. भार पडतो त्या जागी तेलाचा थर जेमतेम काही मायक्रॉन उरतो. ग्राइंडिंगच्या दगडाचा कण त्याहून जाड.

म्हणून शेल पुसून उजेडात तिरका धरायचा. फिरण्याच्या दिशेने ओरखडे आणि मऊ थरात रुतलेले चमकते कण दिसले, तर गुन्हेगार कचरा. बांधलेल्या इंजिनात हेच सर्वाधिक आढळतं, कारण क्रँकच्या आतल्या तेलवाटांचे प्लग काढून ब्रश फिरवायचा कंटाळा केलेला असतो. एकच डाग आतून घासलेला आणि नेमका त्याच्या मागे, पाठीवर, खूण असेल तर शेल बसवताना खाली कण अडकला होता. वरच्या शेलची एक कड आणि खालच्याची विरुद्ध कड खाल्ली असेल तर रॉड वाकडा. दोन्हींची एकच कड गेली असेल तर जर्नल निमुळतं घासलंय. इथे लेथवाल्याशी बोलावं लागतं. जोडाजवळ समोरासमोर झीज दिसली तर कॅप सरकलीय किंवा रॉडच्या कॅपची अदलाबदल झालीय. मेन बेअरिंगपैकी मधलंच सर्वांत जास्त गेलं असेल, तर क्रँक तरी वाकलाय किंवा ब्लॉक.

फट कमी करायला कॅप कानशीने घासण्याची जुनी सवय काही गॅरेजांत अजून आहे. तिने गोल भोकाचं लंबगोल होतं. बाकी काही साधत नाही.

आणि सगळं मापात असूनही सगळीच बेअरिंग सारखी पुसली गेली असतील, तर पहिल्या स्टार्टची चौकशी करावी. कोरड्या इंजिनाला किल्ली मारली की तेल पोचेपर्यंत धातूवर धातू घासतो. बसवताना शेलना तेल लावावं, मग स्पार्क प्लग काढून, इग्निशन तोडून, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर थांबून थांबून फिरवावा आणि नंतरच इंजिन चालू करावं.

(पुढील भागात : ऑइल पंप)