दगडाचे पोट उघडणारी जुनी करवत

बाहेरून पाहता तो एखाद्या मळकट बटाट्यासारखा दिसतो. शेताच्या बांधावर, ओढ्याच्या पात्रात किंवा नव्या विहिरीच्या उपशात पडलेला, उचलून घ्यावा असे त्यात काहीही नसते. तोच दगड मधोमध कापला, तर आत पांढरी, करडी, तांबूस अशी एकात एक गुंफलेली वलये निघतात आणि मध्यभागी कधी कधी स्फटिकांची चिमुकली गुहाही सापडते. दख्खनच्या काळ्या पाषाणात असे अकीक विपुल आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थंड होत असताना त्यात वायूंचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत पुढे सिलिकायुक्त पाणी झिरपत राहिले आणि थरावर थर साचत गेले. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात फेरफटका मारून आलेल्या अनेकांना मग आपल्याही घरी पडलेल्या एखाद्या दगडाच्या आत काय असेल, असा प्रश्न पडतो.

या प्रश्नाचे उत्तर हातोडीने मिळत नाही. हातोडीने अकीकाच्या चिरफळ्या उडतात आणि नक्षी वाया जाते. लोखंड कापण्याची करवत त्यावर नुसती घसरते, कारण अकीकाचा कठीणपणा मोह्‌सच्या दहा अंकी मापपट्टीवर साडेसहा ते सात, म्हणजे पोलादाच्या बरोबरीचा किंवा त्याहून सरस असतो. त्यासाठी हिऱ्याचे पाते लागते आणि ते पाते न डगमगता फिरवणारे यंत्रही.

असे यंत्र घरात ठेवण्याची हौस खऱ्या अर्थाने रुजली ती अमेरिकेत. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर तेथील पश्चिमेकडच्या राज्यांत सुटीच्या दिवशी मोटार काढून माळरानावर दगड शोधायला जाण्याची लाटच आली. १९४७ मध्ये खनिजप्रेमींच्या मंडळांचा देशव्यापी महासंघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी 'लॅपिडरी जर्नल' हे मासिकही निघाले. ओरेगनमधील 'थंडरएग' नावाचे ओबडधोबड गोळे तर इतके लोकप्रिय झाले, की १९६५ मध्ये त्यांना त्या राज्याच्या अधिकृत दगडाचा मान मिळाला. या हौशी मंडळींसाठी हायलँड पार्क, कव्हिंग्टन, लॉर्टोन आदी कंपन्यांनी करवती बनवल्या. पोलादी टाकी, जाड शाफ्ट, पट्ट्यावर चालणारी मोटर आणि दगड धरणारा सरकता गाडा, एवढाच त्यांचा संसार. त्या पिढीतील अनेक जण आता हयात नाहीत. त्यांच्या मागे तळघरात, गॅरेजमध्ये राहिलेल्या या करवती वारसदार किरकोळ भावाने विकून टाकतात आणि दुसरा कोणी हौशी त्या उचलून नेतो. त्यात इलेक्ट्रॉनिक असे काहीच नसल्याने पन्नास-साठ वर्षांनंतरही त्या दुरुस्त होऊ शकतात, हे त्यांचे मोठे भाग्य.

तथापि अशी करवत घरी आली, की पहिला मोह होतो तो बटण दाबून पाहण्याचा. जाणकार नेमके तेच टाळायला सांगतात. बंद पडलेल्या यंत्रातील ग्रीस घट्ट झालेले असते, वायरींवरचे रबर ठिसूळ होऊन गळू लागलेले असते आणि टाकीच्या तळाशी जुन्या मालकाने कापलेल्या शेकडो दगडांचा गाळ तेलासह थिजलेला असतो. लांबीसारखा हा गाळ खरवडूनच काढावा लागतो. तो ओला असेतो निरुपद्रवी असतो, पण वाळला की त्याची अतिसूक्ष्म भुकटी होते. म्हणून तो ओला असतानाच जाड पिशवीत भरून बांधावा. मोरीत किंवा गटारात तर मुळीच टाकू नये, कारण तो नळीत बसला की सिमेंटसारखा बसतो. जुन्या रंगाबाबतही सावधगिरी हवी. अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगातील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्यापूर्वीच्या यंत्राचा रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासणे म्हणजे शिशाची धूळ उडवणे. रंग काढायचाच असेल, तर तो ओला ठेवून काढावा. खरे तर टाकी गळत नसेल आणि गंज वरवरचा असेल, तर रंगाच्या मागे लागण्याचे कारणच नाही. करवत दिसायला देखणी झाली म्हणून दगड सरळ कापला जात नाही.

दगड सरळ कापला जाणे अवलंबून असते ते शाफ्टवर. पाते हाताने वर-खाली आणि आत-बाहेर हलवून पाहिले असता किंचितही खडखड जाणवली, तर बेअरिंग बदलणे आले. शाफ्ट सोडवताना अनेकांची फसगत होते. काही करवतींत पात्याचा नट उलट्या आट्यांचा असतो. नेहमीच्या दिशेने जोर लावत राहिले, तर तो सुटण्याऐवजी आवळत जातो आणि शेवटी आटेच मरतात. बेअरिंगवर कोरलेला क्रमांक लिहून घेतला, की मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात त्याचा जोड शोधता येतो. अमेरिकी यंत्रांत मापे इंचात असल्याने कधी थोडी पायपीट होते. बेअरिंगच्या बैठकीवर शाफ्ट झिजला असेल, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नये. सरळ लेथवाल्याकडे जावे.

मोटरचा प्रश्न आपल्याकडे अधिक टोकदार होतो. परदेशातून सामानाबरोबर अशी करवत कोणी आणलीच, तर तिची मोटर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झसाठी बांधलेली असते. घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगला ती जोडली, तर जळून जाईल. ट्रान्स्फॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येते, परंतु आपल्या विजेची ५० हर्ट्‌झ ही वारंवारिता त्याने बदलत नाही. त्यामुळे मोटर हळू फिरते आणि अधिक तापते. जुनी मोटर ठेवणीत टाकून येथील बंद आवरणाची मोटर बसवणे हाच शहाणपणा. मग हिशेब उरतो तो पुलीचा. अमेरिकेतील नेहमीची चार ध्रुवांची मोटर मिनिटाला सुमारे १७२५ फेरे घेते, आपल्याकडची सुमारे १४४०. शाफ्टवर आणि मोटरवर समान व्यासाच्या पुल्या असतील, तर पात्याचा वेग त्या प्रमाणात घटतो. मोटरवर सहा इंची आणि शाफ्टवर पाच इंची पुली बसवली, की १४४० ला सहाने गुणून पाचाने भागल्यावर १७२८ फेरे मिळतात आणि मूळ वेग जवळजवळ जसाच्या तसा परत येतो. पात्यावर कमाल वेग छापलेला असतो. तो ओलांडायचा नाही, हे सांगायलाच नको. पाण्या-तेलाजवळ चालणारे धातूचे यंत्र असल्याने उत्तम आर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर या दोन गोष्टींत काटकसर नको. पट्ट्यावर झाकणही हवेच.

एवढे झाल्यावर बहुतेकांना वाटते, की करवत तयार झाली. वास्तविक सर्वांत नाजूक काम येथून पुढे सुरू होते. दगड धरणारा गाडा ज्या दांड्यांवरून सरकतो त्या दांड्या पात्याला तंतोतंत समांतर असाव्या लागतात. त्या तिरक्या असतील, तर दगड पुढे सरकता सरकता पात्याला एका बाजूने रेटतो. पाते वाकून उथळ ताटलीसारखे होते आणि महागडे पाते एका दिवसात भंगारात जाते. समांतरता तपासण्याची पद्धत सोपी आहे. गाड्यावर डायल गेज बसवावा. पात्यावर एका ठिकाणी खूण करून ती खूण पुढच्या बाजूला असताना माप घ्यावे. मग तीच खूण हाताने फिरवून मागच्या बाजूला आणावी, गाडा तिथवर सरकवावा आणि पुन्हा माप घ्यावे. दोन्ही वेळा एकाच बिंदूवर माप घेतल्याने पात्यातली लचक हिशेबातून वगळली जाते आणि उरतो तो केवळ दांड्यांचा तिरकेपणा. फरक इंचाच्या काही हजारांश भागांच्या आत येईपर्यंत पातळ पत्र्याच्या पट्ट्या घालून दांड्या जुळवाव्या लागतात. या कामात एखादी संध्याकाळ सहज जाते, दोनही जातात. जो ती देत नाही, त्याला पुढे दर महिन्याला पात्याचे पैसे मोजावे लागतात.

पात्याविषयीचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. करवत म्हटले तरी त्याला दात नसतात. कडेच्या धातूत हिऱ्याचे कण रुतवलेले असतात आणि ते दगड कापत नाहीत, तर घासून झिजवतात. साहजिकच पाते बोथट झाले म्हणून त्याला धार लावता येत नाही. कणांवर धातूचा मुलामा चढून ते झाकले गेले, तर मऊ भट्टीच्या विटेत दोन-चार काप घ्यावेत. विटेने धातू झिजतो आणि हिरे पुन्हा उघडे पडतात.

पाणी की तेल?

घासणीत उष्णता निर्माण होते, म्हणून पात्याची कड सतत ओली हवी. टाकीतील द्रवात कड पाव ते अर्धा इंच बुडाली, तरी फिरता फिरता पाते तो द्रव वर ओढून घेते. लहान करवतींना पाणी चालते. पण पाण्याने गंज चढतो, म्हणून काम संपताच टाकी रिकामी करून पुसावी लागते. मोठ्या करवतींत तेल वापरले जाते. जुन्या पिढीतले हौशी बिनदिक्कत डिझेल किंवा रॉकेल ओतत. बंद खोलीत त्याचे बाष्प आणि वर मोटरची ठिणगी, या जोडीने काय होऊ शकते हे सांगण्याची गरज नाही. सहजी पेट न घेणारे, पातळ, वासरहित खनिज तेल हाच योग्य पर्याय. फिरोज्यासारखे सच्छिद्र दगड मात्र तेल पिऊन डागाळतात. ते पाण्यावरच कापावेत. वापरलेले तेल जाड कागदी पिशवीतून रात्रभर गाळून अमेरिकेतील हौशी पुन्हा वापरतात. कापलेल्या चकत्यांचे तेल शोषून घेण्यासाठी ते मांजरांच्या पेटीतली माती वापरतात. आपल्याकडे लाकडाचा भुसा आणि नंतर धुण्याची पावडर यावर काम भागते.

द्रवाचे दुसरे काम पाते थंड ठेवण्याहून महत्त्वाचे आहे आणि दुरुस्तीच्या उत्साहात तेच विसरले जाते. ते काम म्हणजे धूळ दाबून ठेवणे. अकीक, गारगोटी, जॅस्पर हे सारे सिलिकाच. त्याची श्वासाबरोबर आत जाणारी धूळ डोळ्यांना दिसतही नाही. ती फुफ्फुसांत रुतून सिलिकोसिस होतो. त्यावर बरे करणारा उपचार नाही आणि धुळीपासून दूर गेल्यानंतरही तो वाढत राहू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये अशा सिलिका धुळीचा समावेश कर्करोगकारक पदार्थांत केला.

याचा पुरावा फार दूर शोधावा लागत नाही. गुजरातमधील खंबात हे अकीकाच्या कारागिरीचे पिढीजात केंद्र. भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या खाणींतून आलेला दगड तेथे घराघरांतून घासला जातो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तेथील कारागिरांमधील सिलिकोसिसचा अभ्यास केला आहे. घासणीचे चाक घराच्या ओसरीवरच असल्याने प्रत्यक्ष काम न करणारी घरातली माणसेही त्याच धुळीत श्वास घेतात. सिलिकोसिस हा कायद्याने कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे; परंतु घरातील उद्योग त्या कायद्याच्या कक्षेत सहसा येत नाहीत. हौशी माणसाची गॅलरी तर मुळीच येत नाही. तेथे निरीक्षक तो स्वतःच.

शहरी वाचकाला हे दृश्य अपरिचित नाही. कुठल्याही नव्या इमारतीत तोंडाला रुमाल बांधून ग्रॅनाइट कोरडाच कापणारा कारागीर आणि त्याच्याभोवतीचा पांढरा ढग सर्वांनी पाहिलेला असतो. तो रुमाल निरुपयोगी आहे. तोच कटर गॅलरीत आणून दगड कोरडा कापणे म्हणजे शेजाऱ्यांच्या घरातही तो ढग सोडणे होय. म्हणून करवतीवरचे झाकण नीट बसते की नाही, पात्यापर्यंत द्रव पोहोचतो की नाही, हे बेअरिंगइतकेच काटेकोरपणे तपासावे. झाकण हरवले असेल, तर पत्र्याचे नवे बनवून घेतल्याशिवाय करवत सुरू करू नये. एन-९५ मास्क हा त्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नव्हे. जमिनीवर सांडलेला गाळ वाळण्यापूर्वी ओल्या फडक्याने पुसावा, झाडू फिरवू नये.

आणि मग पहिला काप. त्यासाठी आवडता दगड घेऊ नये. एखादा साधा, बिनचिरेचा तुकडा घ्यावा. तो शिकंज्यात असा आवळावा, की हाताने जोर लावूनही हलणार नाही, कारण कापताना दगड हलला की पाते वाकलेच. गोलाकार पृष्ठभागावर पाते सुरुवातीला बाजूला घसरू पाहते, म्हणून पहिला पाव इंच अगदी सावकाश जाऊ द्यावा आणि खाच पडल्यावरच गाड्याला लावलेल्या वजनाचा पूर्ण भार सोडावा. मुठीएवढ्या अकीकाला दहा-पंधरा मिनिटे सहज लागतात. तेवढ्या वेळात आवाज बदलतो का, याकडे कान द्यावा. एकसुरी घरघर चांगली, किंचाळी वाईट. दगड दुभंगल्यावर मोटर बंद करावी, पण झाकण लगेच उघडू नये. आत तेलाचे धुके असते, ते खाली बसायला काही मिनिटे द्यावीत. मग चकती धुऊन उजेडात तिरकी धरावी. तिच्यावर कंसाकार खोल चरे दिसले, तर दांड्या अजून जुळलेल्या नाहीत आणि डायल गेज पुन्हा काढावा लागेल.